जुन्या निवळीचा खडस

"गुंडीला बांधतो. मग सरळ चालायला लागा," ताहेरभाई म्हणाले.

"कुठं चालू?" मुरलीधरनं विचारलं.

"कुठंही. बोळ आहे, पुढं चौक आहे. सगळा सातारा मोकळा आहे."

मुरलीधर म्हणजे माझा धाकटा मेहुणा. अंगानं रेडा आणि स्वभावानं त्याहून. मोती चौकाच्या मागच्या बोळात ताहेरभाईंचं दुकान होतं. जाळी, दोर, गळ आणि झालंच तर उंदरांचे पिंजरे, असं सगळं तिथं मिळायचं. त्या दुकानाच्या पायरीवर मुरलीधर छाती पुढं काढून उभा राहिला. ताहेरभाईंनी त्याच्या सदऱ्याच्या वरच्या गुंडीला तंगूस बांधला. तंगूस म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोर. दिसायला केसासारखा आणि तुटता तुटत नाही असा. त्याचं दुसरं टोक काउंटरवर शिकंज्यात आवळलेल्या एका काळ्या, डबड्याएवढ्या रिळावर गुंडाळलेलं होतं.

मुरलीधर चालला. चार पावलांवर दोर ताणला गेला. रीळ काही हललं नाही. मुरलीधरही अडणारा नव्हता. त्यानं मान खाली घातली आणि नांगराला जुंपल्यासारखा पुढं रेटला. टप्प! गुंडी सदऱ्याचा तुकडा घेऊन उडाली ती समोरच्या शिंप्याच्या मांडीत पडली. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या शिंप्यानं वर न बघताच सुईत दोरा ओवायला घेतला.

"बघितलं?" ताहेरभाई म्हणाले. "हे समुद्राचं रीळ. ताकद बघाल तर बैलासारखी. पण हे सोडत नाही. तुम्हाला जायचंय धरणाच्या पाण्यात, ते पण खोल, ते पण चालत्या होडीतनं. तिथं खाली झाडं, भिंती, काय काय. अडकलं की तुटलं."

"मग दुसरं दाखवा की."

दुसरं त्यांनी दाखवलं ते काडेपेटीपेक्षा जरा मोठं होतं. मुरलीधरनं ते तळहातावर घेतलं, फिरवलं आणि "ह्याच्यात पोरीची रिबीन गुंडाळू" म्हणून परत ठेवलं. तिसरं रीळ मात्र ताहेरभाईंनी कपाटातनं काढलं, फडक्यानं पुसलं. रुंद पितळी पोट, त्यावर मावेल तेवढा दोर, आणि मुठीपाशी चांदणीच्या आकाराची एक चकती.

"ही चांदणी आवळली की रीळ धरतं. सैल केली की ओढीप्रमाणं सोडतं. तुटत नाही, सुटत नाही. नुसतं जातं." ते मुरलीधरकडं वळले. "या. दुसरी गुंडी."

"माझा सदरा नवा हाय हो!"

"अर्धा नवा," मी म्हणालो.

मुरलीधर पुन्हा चालला. रीळ करकरलं आणि दोर त्याच्यामागं निघाला. तो बोळाच्या टोकाला गेला, वळला, दिसेनासा झाला. रीळ करकरतच होतं. मग थांबलं. बऱ्याच वेळानं मुरलीधर मिशी पुसत परत आला. चौकात जाऊन चहा पिऊन आला होता. गुंडी जागच्या जागी होती.

"तरीपण मला काळंच पायजे," तो म्हणाला. "भाई, मला मासा धरायचाय. सोडायचाच असता तर घरी बसलो नसतो का? काय दाजी?"

मी चांदणीचं रीळ उचललं. का, ते विचाराल तर मुरलीधरला काळं हवं होतं म्हणून. मेहुण्याच्या उलट जाणं हा जावयाचा हक्क असतो आणि मी तो कधी बुडू दिला नाही. मी तेव्हा सायकलच्या दुकानात चाकं सरळ करायचो, त्यामुळं फिरणाऱ्या वस्तूत माझा शब्द शेवटचा, असं सासुरवाडीनं मान्य केलेलं होतं. मुरलीधर फुरफुरला, पण गप्प बसला. भांडायला वेळ नव्हता. घरी त्याचा बाप खाटेवर होता.

त्याचा बाप म्हणजे माझे सासरे, हरबा भोई. मी त्यांना मामा म्हणायचो, पोरं आबा म्हणायची. धरणाच्या आधी नदीकाठच्या जुन्या निवळीत त्यांचं घर होतं. नदीला तिथं एक डोह होता, आणि त्या डोहातला खडस धरावा तर हरबानंच, असं त्या खोऱ्यात बोललं जायचं. खडस म्हणजे शहरातले शिकारी ज्याला महासीर म्हणतात तो. खवला बशीएवढा, तोंड रबरी, आणि अंगात रग अशी की होडीला ओढून नेईल. मग धरण झालं, डोह पाण्याखाली गेला, डोहाबरोबर घरही गेलं, आणि सरकारनं वरच्या खडकाळ सड्यावर पत्र्याची नवी निवळी वसवली. त्या दिवसापासून मामांनी गळ हातात धरला नाही.

त्या मार्गशीर्षात त्यांना आजारी पडून महिना उलटून गेला होता. अन्न बंद. श्वास जायचा आणि पुन्हा यायचा. माझी बायको इंदू त्यांची थोरली लेक. ती खाटेपाशी बसून त्यांचा हात धरून असायची, आणि श्वास लांबला की ओरडायची, "आबा! ओ आबा!" की ते परत यायचे. कण्हत यायचे. बघवायचं नाही.

आमच्याकडं असं माणूस घुटमळायला लागलं की म्हातारी मंडळी जमतात आणि विचारतात, जीव कशात अडकलाय? मग ते ते आणून समोर धरतात. मामांसमोर गूळ धरला. नातू धरला. कृष्णेचं पाणी आणलं. कुणी म्हणालं, जमिनीत अडकला असेल, म्हणून ओंजळभर माती आणली; पण ती नव्या निवळीची मुरमाड माती. मामांनी ती बघून डोळे मिटून घेतले. शेवटी मुरलीधरच त्यांच्या कानाशी लागला, "आबा, काय पायजे? तुम्ही सांगा, मी आणतो."

मामांनी ओठ हलवले. "डोहातला खडस."

जाळं टाकायची सोय नव्हती. खाली घरांच्या भिंती होत्या, जाळी अडकून फाटायची. उभ्या होडीतनं टाकलेला गळ खडस हुंगत नाही. एकच उपाय होता: होडी सावकाश चालती ठेवायची आणि मागं खोल पाण्यात गळ अडकवलेला पितळी चमचा फिरवत न्यायचा. निवळीचे लोक त्याला 'गळ चरायला नेणं' म्हणायचे. त्यासाठी रीळ हवं होतं. म्हणून आम्ही साताऱ्यात.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही होडी पाण्यात लोटली. इंदू दारात आली होती. "लवकर या," एवढंच म्हणाली आणि आत पळाली, कारण हात सोडून आली होती.

धुकं असं होतं की होडीचं पुढचं टोक मला दिसत नव्हतं. वारा नाही. पाणी तेल ओतल्यासारखं. मुरलीधर वल्हं मारत होता, मी मागं रीळ लावलेली काठी मांडीवर घेऊन बसलो होतो. बराच वेळ गेल्यावर त्यानं वल्हं थांबवलं, पायातल्या चपला काढल्या आणि होडीत बाजूला ठेवल्या.

"काय झालं?"

"तुम्ही पण काढा. खाली मारुती हाय."

"तुला कसं कळलं? इथं हातभर पुढचं दिसत नाही."

"कळतं दाजी. निवळीच्या माणसाला पाय टाकला की कळतं." तो म्हणाला. "इथं होडीत आम्ही कुणी पायताण घालत नाही. थुंकत पण नाही. खाली लोकांची अंगणं हायेत."

मी मुकाट्यानं चपला काढल्या. लाकूड गार होतं.

डोह आला म्हणून त्यानं सांगितलं. मी चमचा सोडला. तो फिरत, लखलखत खाली गेला आणि काळोखात विझला. दोर जात राहिला. पुरेसा झाला तशी मी चांदणी आवळली, म्हणजे धरेल पण ओढलं तर सोडेल इतपत, आणि मुरलीधर संथपणे वल्हं मारू लागला. पाण्याच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. डोहावर आम्ही अशा फेऱ्या मारत राहिलो.

आणि मग काठी वाकली.

"लागला!" मुरलीधर ओरडला.

"गप. अडकला असेल."

पण अडकलेला दोर हलत नाही. हा हलत होता. खडस लागला की काठी हातातनं हिसकतो, डोकं झटकतो, धावतो. हे तसलं काहीच नव्हतं. रीळ करकरलं. थांबलं. पुन्हा करकरलं, जरा कमी. थांबलं. एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. घाई नाही, थकवाही नाही.

"मुरली, हा मासा चालतोय."

मुरलीधरनं वल्हं वर घेतलं होतं. त्याचा चेहरा मला धुक्यातनं नीट दिसत नव्हता, पण त्याची मान रिळाच्या दिशेनं वळली होती आणि तशीच राहिली होती.

मग आमची होडी चालायला लागली. वल्हं पाण्याबाहेर, वारा नाही, आणि होडी त्या दोराच्या मागं मागं, देवळातनं घरी निघालेल्या बाईमागं पोर निघावं तशी. ओढ जोराची नव्हती. मी चांदणीला हात लावायचा म्हटलं तरी लाववेना.

"काठाकडं निघालाय का?" मी विचारलं.

"काठाकडं न्हाई," मुरलीधर हळू म्हणाला. "घाटावर."

"कुठला घाट?"

"नदीचा. बघा, दोर वर येतोय. पायऱ्या चढतोय."

खरंच दोराचा कल बदलला होता. खाली जाणारा दोर थोडा थोडा उथळ होत होता, टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्यावर जरासा विसावा घेऊन.

"आता पार येईल. पिंपळाचा. उजव्या अंगानं जायचं असतं."

होडी सावकाश उजवीकडं झुकली.

मी थापा मारणारा माणूस, सासुरवाडीत माझं कुणी सहसा खरं धरत नसे. पण थाप मारायला आधी जीभ हलावी लागते. ती टाळ्याला चिकटली होती.

"चावडी," मुरलीधर म्हणाला. "सरळ. आता कुंभाराची गल्ली, अरुंद. डावीकडं. व्हय. आता इथं गंगाराम कुंभार बैल आडवा बांधायचा, सगळं गाव शिव्या द्यायचं. वळसा घालून जायला लागायचं."

दोर उजवीकडं गेला, अर्धवर्तुळ काढलं, पुन्हा गल्लीत आला.

"अरे, पण आता खाली बैल कुठला?"

"मला काय म्हायती? वळसा घेतलान की!"

धुक्यात कुठं पक्षीसुद्धा बोलत नव्हता. त्या शांततेचं मला सांगता येत नाही. वर उजेड वाढत चालला होता, दिवसाढवळ्याची गोष्ट. पण आमच्या होडीखाली एक गाव होतं आणि त्या गावातनं कुणीतरी, एक लांब, एक आखूड, घरी चाललं होतं. रीळ करकरायचं तेव्हा मुरलीधरच्या ओठांची हालचाल व्हायची. तो पावलं मोजत नव्हता. तो आवाज ओळखत होता.

दोर थांबला. अगदी सरळ खाली.

"काय आलं?" मी विचारलं.

"आमचं दार."

काठीचं टोक हळूच खाली वाकलं आणि वर आलं.

"दार बुटकं हाय," मुरलीधरचा आवाज फुटला. "वाकून जायला लागतं."

आणि दोर आत गेला. ते मला हातात कळलं. दोर कशाला तरी घासत होता. दगडी चौकट असावी तसली खरखर काठीतनं माझ्या कोपरापर्यंत येत होती. ओढ वाढली. मुरलीधर एकदम गुडघ्यांवर पुढं आला, होडी डुलली, आणि त्यानं चांदणीवर हात घातला.

"आवळा! आवळा दाजी, ओढा मागं! आत गेला तर गेला!"

"कोण गेला?"

"आबा!" तो ओरडला. "आबांची चाल हाय ती! उजवा पाय होडीखाली सापडला व्हता त्यांचा, आठवत न्हाई का तुम्हाला? लांब, आखूड! ओढा!"

त्यानं चांदणी आवळायला घेतली. दोर सतारीच्या तारेसारखा ताणला, एक बारीक कुईं असा आवाज पाण्यातनं वर आला. चौकटीवर आता तुटणार, अजून एक पीळ आणि तुटणार, हे माझ्या हाताला कळत होतं.

"तुटेल, मुरली! गुंडी गेली तशी जाईल. मग तिकडं बी नाही अन् इकडं बी नाही. मध्येच!"

तो थांबला. त्याचा हात चांदणीवर तसाच होता. त्याला बाप हवा होता. आणि त्यालाच त्या खाटेवरचं ते कण्हणं ऐकून पहाटेपहाटे परसात जाऊन उभं राहावं लागत होतं. दोन्ही त्याच्या तोंडावर एकदमच दिसलं. मग त्यानं चांदणी उलटी फिरवली. सैल. अजून सैल.

"जावा आबा," तो पाण्याकडं तोंड करून म्हणाला. "बसा निवांत."

रीळ सुटलं. दोर आत गेला, ओसरीवरनं, माजघरातनं, कुठं कुठं, ते मुरलीधरलाच माहीत. पितळी पोट उघडं पडायला लागलं. अगदी शेवटचे काही वेढे राहिले आणि रीळ थांबलं.

आम्ही बसून राहिलो. काही वेळानं मला वास आला. मुरलीधरनंही नाक वर केलं. ओल्या लाकडाचा धूर, त्यात तिखट, त्यात लसूण, आणि रश्श्यात रटरटणारा मासा. धरणाच्या मध्यावर, जिथं आजूबाजूला मैलभर चूल नाही.

"आक्काला सांगू नका मी रडलो ते," मुरलीधर म्हणाला.

"मी सांगितलं तरी खरं कोण धरणार?"

धुकं विरळ झालं. ऊन पाण्यावर आलं. मग दोर ढिला पडला.

मी रीळ फिरवायला घेतलं. ओढून नव्हे, नुसता जेवढा ढिला होईल तेवढा घेत गेलो. येताना चाल हलकी होती, तीच लांब-आखूड, पण पोटभर जेवून शतपावलीला निघाल्यासारखी. गल्ली, बैलाला वळसा, चावडी, पार, पायऱ्या. डोहावर आल्यावर दोर अगदी हलका झाला आणि चमचा वर आला. मासा नव्हता. काहीच नव्हतं. चमचा तेवढा राखेनं घासल्यासारखा चकचकीत होता. मुरलीधरनं तो पकडला आणि लगेच होडीत टाकला.

"काय झालं?"

"हात लावून बघा."

मी बोट लावलं. एवढ्या गार पाण्यातनं आलेला तो चमचा चुलीवरनं काढल्यासारखा गरम होता.

काठाला लागल्यावर आम्ही चढ पळतच चढलो. मुरलीधर अनवाणीच. गावात रडण्याचा आवाज नव्हता, आणि त्यानंच जास्त भीती वाटत होती. इंदू दारातच भेटली. तिचा घसा पार बसला होता.

"कुठं होतात तुम्ही दोघं? आबांचा श्वास थांबला. सकाळीच. मी किती हाका मारल्या! हात गार पडला, तरी मी सोडला नाही. शेजारच्या काकूंनी तर अंगावर घालायला चादरसुद्धा काढली. आणि आत्ता, आत्ता बघा…"

"काय?"

"उठून बसलेत."

मामा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. महिन्याभरात असे बसले नव्हते. तोंडावर तेज होतं असं मी म्हणणार नाही. पण तृप्त माणसाचं तोंड असतं तसं होतं. इंदू त्यांच्याजवळ बसली आणि तिनं पुन्हा त्यांचा हात हातात घेतला. दुसऱ्या हातानं पेजेची वाटी पुढं केली.

"घ्या आबा, दोन घोट."

"नको. जेवून आलोय."

इंदूनं आमच्याकडं बघितलं. महिनाभर त्या माणसाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"कुठं जेवला आबा?" मुरलीधरनं विचारलं.

"घरी." मामांनी हात पुढं केला. "एक काडी दे रे. दातात अडकलंय."

मुरलीधरनं काडेपेटीतली काडी दिली. मामांनी सावकाश, मागच्या दाढेत काडी फिरवली आणि एक काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. बारीक, टोकाला दोन फाटे असलेला. मी भोयांचा जावई. खडसाचा काटा मला कळतो. ओला होता, आणि त्याला तिखटाचा रंग होता.

"तुझ्या आईनं केला होता," मामा मुरलीधरला म्हणाले. "मीठ जरा जास्तच. तिची सवय काही जात नाही."

मुरलीधरची आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. धरणाच्या आधीच गेली होती ती.

खाटेच्या पायाशी मी उभा होतो, मीच विचारलं. "मामा, मग परत का आलात? तिथंच राहायचं की."

मामांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत थोडं हसू होतं, थोडी कटकट.

"राहणारच होतो. जेवलो, हात धुतला, पानाचं तबक घेतलं. तर ती म्हणाली, हे मागं काय बांधून आलाय? दारात दोर आडवा पडलाय. लोकांनी जा-ये कशी करायची? मी बघितलं तर खरंच, दारातनं गल्लीत, गल्लीतनं चावडीकडं. म्हणाली, आधी हे सोडून या. मग पान खा."

पत्र्यावर ऊन तापत होतं, तेवढा कडकड आवाज येत होता.

मामांनी मान वळवून इंदूकडं बघितलं. मग खाली, तिच्या बोटांकडं. ती त्यांच्या मनगटाभोवती इतकी घट्ट होती की कातडीवर वळ उठले होते.

"इंदे," ते म्हणाले. "हात सोड, बाळ."

"नाही आबा."

"पान वाट बघतंय गं."

इंदूनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं मुरलीधरकडं बघितलं. तो दारापाशी अनवाणी उभा होता, दोन्ही हात मोकळे सोडून.

"सोड, आक्का," तो म्हणाला. "मी बघितलंय. घर चांगलं हाय."

इंदूनं एक बोट उचललं. मग दुसरं. प्रत्येक बोटाला वेळ लागत होता. शेवटचं बोट उचललं तेव्हा तिनं हात पटकन पदराखाली घेतला, जणू तो आपल्या मनाविरुद्ध परत जाईल. मामांनी आपलं मनगट एकदा चोळलं. मग उशी नीट केली आणि भिंतीकडं तोंड करून, जेवण झालेला माणूस दुपारी कलंडतो तसे ते आडवे झाले.

श्वास गेला. लांबला. अजून लांबला.

आम्ही तिघंही तिथंच होतो. आणि कुणीही हाक मारली नाही.